क्लक्स्टनची किक-आऊट: एका गोलरक्षकाच्या कारकिर्दीचा अभ्यास

2025 च्या हंगामात आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये एक नवा नियम आला. गोलरक्षकाने मारलेली किक-आऊट, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. जवळ उभ्या असलेल्या आपल्याच बचावपटूकडे चेंडू अलगद सरकवून खेळ सुरू करायची सोय संपली. हा नियम सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जिम गॅव्हिन. हेच गॅव्हिन 2013 ते 2019 अशी सात वर्षे डब्लिनचे प्रशिक्षक होते. त्या सात वर्षांत त्यांच्या संघाने सहा वेळा ऑल-आयर्लंड अजिंक्यपद मिळवले, आणि त्या संघाचा सगळा खेळ सुरू व्हायचा तो गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टनच्या किक-आऊटपासून. ज्या दाराने आत आलो त्यालाच बाहेर पडताना कुलूप घालावे, तसला हा प्रकार. गॅव्हिन यांना त्यात काही विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. त्या दाराने किती ये-जा होऊ शकते हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार?

एखादा खेळाडू चांगला खेळतो, पदके मिळवतो, निवृत्त होतो. त्याच्या खेळामुळे पुढे खेळाचा नियमच बदलावा लागला असे क्वचित घडते. क्लक्स्टनच्या बाबतीत ते घडले, निदान मोठ्या प्रमाणात. कसे, ते तपासू.

खेळाची तोंडओळख आधी. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, पातळीवरचा सामना सत्तर मिनिटांचा असतो. चेंडू गोल, हाताने झेलता येतो, मुठीने किंवा पायाने पुढे देता येतो. पण हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही, मध्ये तो जमिनीवर आपटावा किंवा पायाने उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. वरून गेला तर एक पॉइंट (2025 पासून कमानीबाहेरून मारला तर दोन). धावफलकावर दोन्ही वेगळे लिहितात. 1-12 म्हणजे एक गोल आणि बारा पॉइंट, एकूण पंधरा.

आणि हा खेळ हौशी आहे. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, 1884 मध्ये टिपररीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली. आजही तिच्या सर्वोच्च पातळीवरच्या खेळाडूला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्याऐंशी हजार माणसांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस काही दिवसांनी आपल्या नोकरीवर हजर असतो. कोल्हापूरच्या पेठा, तिथल्या तालमी आणि त्यांचे फुटबॉल संघ डोळ्यासमोर आणा, म्हणजे आयरिश क्लब काय चीज आहे ते निम्मे कळेल. उरलेले निम्मे असे की इथे खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. ज्या भागात जन्मलात त्या क्लबकडून, त्या काउंटीकडून खेळायचे. लहान काउंटीत जन्मलेला गुणी खेळाडू ऑल-आयर्लंड पदकाशिवायच निवृत्त होतो, आणि हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

क्लक्स्टन डब्लिनचा. डिसेंबर 1981 चा जन्म, उत्तर डब्लिनमधल्या कूलॉकचा पार्नेल्स हा त्याचा क्लब, पेशाने विज्ञानाचा शिक्षक. 2001 मध्ये लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत लाँगफर्डविरुद्ध तो पहिल्यांदा काउंटीच्या गोलमध्ये उभा राहिला, तेव्हा तो अजून वीस वर्षांचाही नव्हता.

पहिल्या दहा वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, म्हणजे डब्लिनकरांच्या मनाला लागले असेल तेवढेच आहे. 2002 च्या उपांत्य सामन्यात आर्माकडून एका पॉइंटने हार; शेवटी बरोबरी साधू शकणारी फ्री-किक खांबाला लागून परतली. 2003 मध्ये पुन्हा आर्माच, आणि या वेळी क्लक्स्टनने प्रतिस्पर्धी आक्रमकावर पाय उगारल्याबद्दल लाल कार्ड घेतले. डब्लिन हरले. पुढे आयुष्यभर ज्याच्या थंड डोक्याचे गोडवे गायले गेले, त्याच्या नोंदवहीतले हे पान विसरू नये. थंड डोके कुणी जन्मतः आणत नाही. 2006 ला मेयोविरुद्ध मोठी आघाडी हातची घालवून पराभव. 2009 च्या उपउपांत्य फेरीत केरीने 1-24 ते 1-7 असे धुतले. 2010 ला मीथने लेन्स्टरमध्ये पाच गोल चढवले. राजधानीचा संघ, सगळ्यात मोठी लोकसंख्या, घरचे मैदान, मागच्या बाजूला हिल 16 नावाच्या उतारावर उभा निळा जनसागर, आणि 1995 पासून एकही अजिंक्यपद नाही. या काळात क्लक्स्टन चांगला गोलरक्षक म्हणून ओळखला जात होता, मानाच्या ऑल स्टार संघात त्याची निवडही झाली होती. पण खेळ बदलणारा माणूस म्हणून त्याच्याकडे फार कुणी पाहत नव्हते.

आता किक-आऊटबद्दल. प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबावे लागेल.

प्रतिस्पर्ध्याने पॉइंट घेतला, गोल केला किंवा चेंडू खांबांच्या बाहेर घालवला की खेळ किक-आऊटने पुन्हा सुरू होतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक यशस्वी किंवा फसलेला प्रयत्न संपला की चेंडू गोलरक्षकाच्या पायाशी येतो. दोन गुणांचे पॉइंट येण्याआधी 1-11 असा धावफलक असलेल्या संघाने बारा वेळा गुण मिळवलेले असायचे. म्हणजे समोरच्या गोलरक्षकाला किमान बारा किक-आऊट, वर बाहेर गेलेल्या चेंडूंच्या वेगळ्या. सत्तर मिनिटांत इतक्या वेळा हमखास चेंडू हाती येणारा दुसरा खेळाडू मैदानावर नसतो.

आणि तरीही शंभर वर्षे या संधीचे करायचे काय, तर चेंडू जमेल तेवढा लांब आणि उंच मैदानाच्या मध्यावर उडवायचा. तिथे दोन्ही संघांचे ताडमाड मिडफिल्डर उड्या मारायचे, कोपर, खांदे, छाती एकमेकांवर आदळायची, आणि ज्याच्या हाती लागेल त्याचा चेंडू. पाहायला हे विलक्षण सुंदर असते. दोन्ही हात वर, शरीर धनुष्यासारखे ताणलेले, आणि गर्दीतून वर येऊन चेंडू तळव्यांत चिकटवणारा एखादा मिडफिल्डर: जुने आयरिश रसिक अशा झेलांची आठवण काढतात तशी आपल्याकडे एखाद्या जुन्या फलंदाजाच्या कव्हर ड्राइव्हची निघते. पण हिशेबाच्या नजरेने पाहिले तर हा जुगार होता. आपल्याकडे आलेला चेंडू आपणच निम्म्या-निम्म्या शक्यतेवर हवेत फेकून देत होतो. कित्येक संघांत तर गोलरक्षकाचा पाय लांब पडत नाही म्हणून किक-आऊट एखादा धट्टाकट्टा बचावपटू मारायचा. गोलरक्षकाचे काम गोल अडवणे, बाकी चिंता इतरांनी करावी.

क्लक्स्टनने या जुगाराचे नेमक्या पासमध्ये रूपांतर केले. डावखुरा पाय, चेंडू कमी उंचीवरून जाणारा आणि वेगवान. पॉइंट जाऊन प्रतिस्पर्धी अजून मुठी आवळत माघारी वळतो आहे, तोवर क्लक्स्टनने चेंडू जमिनीवर ठेवलेला असायचा आणि किक गेलेलीसुद्धा असायची. कधी पंधरा-वीस मीटरवर कोपऱ्यातल्या बचावपटूकडे, कधी पन्नास मीटरवर बाजूच्या रेषेलगत, जिथे त्या क्षणी कुणीच नाही पण चेंडू पोहोचेपर्यंत निळी जर्सी पोहोचणार आहे. उभ्या असलेल्या माणसाकडे मारलेली किक अडवता येते. जागेकडे मारलेली किक अडवायची तर जागा कोणती हे आधी कळायला हवे.

यात पायाइतकेच डोळ्यांचे काम आहे, आणि डोळ्यांइतकेच बाकीच्या चौदा जणांच्या पायांचे. हे लक्षात न घेता क्लक्स्टनवर लिहिलेले बरेच कौतुक वाचायला मिळते आणि ते मला अर्धवट वाटते. एक बचावपटू मुद्दाम चुकीच्या दिशेला पळतो आणि आपल्यामागे पहारेकऱ्याला ओढून नेतो. त्याने मोकळी केलेली पट्टी दुसरा वापरतो. पॉल फ्लिन किंवा किरन किलकेनीसारखे पुढच्या फळीचे खेळाडू चाळीस मीटर मागे धावत येऊन चेंडू घ्यायचे. जेम्स मॅकार्थी, जॅक मॅकॅफ्री यांच्यासारखे बचावपटू चेंडू हाती येताच सुसाट निघायचे. सगळे दरवाजे बंद झाले तर लांबवर ब्रायन फेंटन होताच, पारंपरिक उंच झेल घेणारा. 2015 मध्ये आलेला हा फेंटन 2021 पर्यंत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे ऑल-आयर्लंड स्पर्धेत, एकही सामना हरला नाही. म्हणजे क्लक्स्टनकडे आखूड, मध्यम आणि लांब असे तीनही पर्याय खरे होते. प्रतिस्पर्ध्याने एक झाकला की दुसरा उघडा पडायचा.

2011 चा अंतिम सामना मात्र किक-आऊटमुळे लक्षात राहिलेला नाही. 18 सप्टेंबर, क्रोक पार्क, समोर केरी. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना डब्लिन चार पॉइंटने मागे होते. मग बदली खेळाडू केव्हिन मॅकमेनामनने गोल केला, बरोबरी झाली, डब्लिन पुढे गेले, केरीच्या किरन डोनहीने पुन्हा बरोबरी आणली. वाढीव वेळात मॅकमेनामनला पाडले गेले आणि डब्लिनला फ्री मिळाली. अंतर चाळीस मीटरच्या आसपास, थोडे कोनात. गोलरक्षक आपला गोल सोडून संथ चालीने पूर्ण मैदान ओलांडून आला, चेंडू ठेवला, मोजून मागे सरकला आणि मारला. चेंडू दांड्यावरून गेला. 1-12 ते 1-11. सोळा वर्षांनी ऑल-आयर्लंड विजेत्याचा सॅम मॅग्वायर चषक डब्लिनला आला.

त्या किकनंतरचा क्षण मला किकहून बोलका वाटतो. चेंडू वरून गेल्याची खात्री झाली आणि क्लक्स्टन वळून आपल्या गोलकडे धावत सुटला. हात वर नाहीत, मिठ्या नाहीत. शिट्टी अजून झालेली नव्हती आणि पुढच्या चेंडूसाठी गोल रिकामा ठेवून चालणार नव्हते. शिट्टी झाल्यावरही तो जल्लोषात फार रमला नाही, लवकरच कपडे बदलायच्या खोलीकडे गेला. मुलाखती तो जवळपास देतच नसे. आयर्लंडसारख्या बोलघेवड्या देशात, जिथे प्रत्येक माजी खेळाडू स्तंभलेखक असतो, तिथे सर्वांत यशस्वी खेळाडूने इतके गप्प राहावे याचा पत्रकारांना त्रास झाला आणि लोकांना कुतूहल वाटले. त्याला शिष्ट म्हटले गेले, लाजाळूही म्हटले गेले. मला यात फारसे गूढ दिसत नाही. पगार न घेता खेळणाऱ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे कर्ज कुणाकडून घेतलेले नसते.

2013 मध्ये गॅव्हिन आले आणि त्यांनी याच अबोल माणसाला कप्तान केले. गॅव्हिन स्वतः लष्करी वैमानिक होते. उड्डाणाआधीची तपासयादी, ठरलेली कार्यपद्धती, आपल्या हातात आहे तेवढ्याच गोष्टीवर लक्ष, ही त्यांची भाषा. क्लक्स्टनला ती शिकवावी लागली नसणार. 2013 ला मेयोवर एका पॉइंटने विजय. 2014 ला ठेच लागली, तिच्याकडे पुढे येतो. 2015 पासून 2020 पर्यंत सलग सहा अजिंक्यपदे, आणि 2013 चे धरून सात वेळा विजेत्या संघाचा कप्तान क्लक्स्टन. सलग पाच हा पुरुषांच्या खेळात कुणालाच न जमलेला पल्ला होता. 1982 मध्ये केरी त्याच्या उंबरठ्यावर होते आणि ऑफलीच्या शेमस डार्बीने शेवटच्या क्षणी केलेल्या गोलने त्यांना अडवले. केरीत ती जखम अजून भरलेली नाही म्हणतात.

आता प्रतिस्पर्ध्यांची बाजू. एखादी युक्ती किती भारी आहे हे ती मोडायला समोरचे किती थरापर्यंत जातात यावरून कळते.

पहिले ठळक उत्तर 2014 च्या उपांत्य सामन्यात डोनेगलने दिले. सुरुवातीला डब्लिन आरामात पुढे होते आणि त्यांना कुणी हरवू शकेल असे वातावरणात नव्हते. जिम मॅकगिनेस यांच्या संघाने आपल्या गोलसमोर गर्दी केली, मधल्या पट्ट्यात सुटणारे चेंडू उचलले आणि मोकळ्या मैदानातून वेगाने प्रतिहल्ले केले. 3-14 ते 0-17. गॅव्हिन यांच्या सात हंगामांत चॅम्पियनशिपमधला हा एकमेव पराभव. त्यानंतर डब्लिनने बचावाची मांडणी बदलली. किक-आऊट मात्र सोडली नाही, उलट चेंडू हातात ठेवण्यावरचा भर वाढवला.

दुसरे उत्तर 2016 चे, केरीचे, पुन्हा उपांत्य सामना. केरीने पहिल्या सत्राच्या उत्तरार्धात सगळी पुढची फळी वर चढवली आणि क्लक्स्टनसमोर एकेका निळ्या जर्सीला माणूस लावला. तोवर डब्लिन पुढे होते. मग किक-आऊट चुकल्या, चेंडू थेट केरीच्या हाती पडले, दोन गोल झाले आणि मध्यंतराला केरी 2-8 ते 0-9 असे पाच पॉइंटने पुढे. क्लक्स्टनच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात वाईट दहा मिनिटे असावीत. आखूड किक-आऊटचा धोका हाच: लांब किक हुकली तर चेंडू मध्यावर जातो, आखूड किक हुकली तर चेंडू थेट आपल्या गोलसमोर. हा सामना डब्लिनने अखेर 0-22 ते 2-14 असा जिंकला. दुसऱ्या सत्रात तोच गोलरक्षक, तसाच दाब, आणि तो किक मारायला डगमगला नाही. मला विचाराल तर 2011 च्या त्या फ्रीपेक्षा हे कठीण. फ्री मारताना गमावण्यासारखे काही नव्हते, चुकली असती तर बरोबरी होती. इथे प्रत्येक किकवर मागच्या चुकीची सावली होती.

तिसरे उत्तर सर्वांत चमत्कारिक आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. 2016 चा अंतिम सामना डब्लिन आणि मेयो यांच्यात 2-9 ते 0-15 असा बरोबरीत सुटला. डब्लिनचे दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंकडून आपल्या जाळीत गेलेले, म्हणजे मेयोचे नशीब कसले ते पाहा. 1 ऑक्टोबरच्या फेरसामन्यासाठी मेयोने आपला गोलरक्षक बदलला. डेव्हिड क्लार्क गोल अडवण्यात उत्तम होता, पण त्याच्या किक-आऊटवर डब्लिन दाब टाकत होते. म्हणून पायाने सरस समजल्या जाणाऱ्या रॉब हेनेलीला उतरवले. फेरसामन्यात हेनेलीच्या हातून एक उंच चेंडू निसटला, तो वाचवताना त्याने डब्लिनच्या खेळाडूला पाडले, काळे कार्ड मिळून तो बाहेर गेला आणि पेनल्टी झाली. क्लार्क घाईघाईने आत आला. डिअर्मुड कॉनोलीने पेनल्टी मारली. डब्लिन 1-15, मेयो 1-14.

एका पॉइंटची हार, आणि एक पेनल्टी तीन पॉइंटची. वर्षानुवर्षे अजिंक्यपदाच्या प्रतीक्षेत असलेल्या काउंटीने अंतिम सामन्यासाठी गोलरक्षक निवडताना हातांपेक्षा पायांचा विचार केला. दहा वर्षांपूर्वी असा निर्णय कुणी बोलून दाखवला असता तर त्याला वेड्यात काढले असते. क्लक्स्टनचा त्या घटनेत थेट काही हात नाही. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. पण हा निर्णय घेण्याची वेळ मेयोवर आली कारण खेळ कसा सुरू होतो यावर सामना ठरतो हे त्याने सगळ्यांना दाखवून दिले होते. पुढे हे लोण पसरतच गेले. मोनाहनचा रोरी बेगन, टिरोनचा नियाल मॉर्गन हे गोलरक्षक लांबच्या फ्री मारू लागले, चेंडू घेऊन हाफलाइन ओलांडू लागले. आर्माने तर मैदानात खेळणाऱ्या इथन रॅफर्टीलाच गोलमध्ये आणले. डाऊनचा गोलरक्षक चार्ली स्मिथ 2024 मध्ये थेट अमेरिकन फुटबॉलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघात किकर म्हणून करारबद्ध झाला. गोलरक्षकाच्या पायाला आता बाजारभाव होता.

2019 च्या अंतिम सामन्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तिथे क्लक्स्टनने हातांचीही आठवण करून दिली. पाचव्या सलग अजिंक्यपदासाठी डब्लिन, समोर केरी, ज्यांचे हेच स्वप्न 37 वर्षांपूर्वी भंगले होते. पहिल्याच सत्रात केरीला पेनल्टी. पॉल गीनीने मारली, क्लक्स्टनने अडवली. मध्यंतरापूर्वीच डब्लिनचा जॉनी कूपर बाहेर गेला आणि उरलेला सामना चौदा जणांनी काढला. 1-16 ते 1-16. ती पेनल्टी आत गेली असती तर फेरसामना झाला असता का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशी सोडवावा. फेरसामना डब्लिनने 1-18 ते 0-15 असा जिंकला. त्या वर्षी सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान क्लक्स्टनला मिळाला. ऑल स्टार पुरस्कारांतला हा मान गोलरक्षकाला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

इथवर वाचून एखादा केरीकर किंवा मेयोकर म्हणेल, आणि त्याचे म्हणणे टाळून चालणार नाही: हे सगळे ठीक, पण डब्लिनची लोकसंख्या किती? 2022 च्या जनगणनेत डब्लिन काउंटीत साडेचौदा लाखांच्या आसपास माणसे, केरीत दीड लाखाच्या थोडी वर. जन्मभूमीच्या नियमाने चालणाऱ्या खेळात हा फरक फार मोठा. त्यात या शतकाच्या सुरुवातीपासून जीएएने डब्लिनमध्ये खेळाच्या प्रसारासाठी इतर काउंट्यांच्या मानाने खूप जास्त पैसा ओतला, यावर आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे. आणि मोठे सामने होतात ते क्रोक पार्कवर, म्हणजे त्यांच्याच शहरात. हे सगळे खरे आहे. पण लोकसंख्येतला मोठा फरक 1996 ते 2010 या काळातही होता आणि पदके शून्य होती. पैशाने चांगले खेळाडू तयार होतात. एका पॉइंटने सुटणारे अंतिम सामने तयार होत नाहीत. 2011, 2013, 2016 चा फेरसामना, 2017: यातला प्रत्येक सामना एकाच पॉइंटने सुटला. इतक्या बारीक फरकाच्या सामन्यांत चेंडू आपल्याकडे ठेवून खेळ सुरू करण्याची सवय कुठे ना कुठे मोजली जाणारच.

याची चाचणी घ्यायची तर क्लक्स्टन नसताना काय झाले ते पाहायला हवे, आणि योगायोगाने ती सोयही झाली. डिसेंबर 2020 चा अंतिम सामना महासाथीमुळे रिकाम्या क्रोक पार्कवर झाला. डीन रॉकने बाराव्या सेकंदाला गोल केला, डब्लिनने मेयोला 2-14 ते 0-15 असे हरवले, आणि त्यानंतर क्लक्स्टन संघासोबत दिसेनासा झाला. निवृत्तीची घोषणा नाही, निरोपाचा सामना नाही. वय 39. 2021 मध्ये डब्लिन उपांत्य सामन्यात जादा वेळेत मेयोकडून हरले. 2022 मध्ये उपांत्य सामन्यातच केरीकडून 1-14 ते 1-13, शॉन ओशेच्या शेवटच्या क्षणातल्या लांबलचक फ्रीमुळे. त्याच वर्षी लीग स्पर्धेत डब्लिन दुसऱ्या श्रेणीत घसरले.

मार्च 2023. दुसऱ्या श्रेणीतला लाउथविरुद्धचा सामना. संघ मैदानात उतरला तेव्हा राखीव गोलरक्षक म्हणून क्लक्स्टन. आधी कुणाला पत्ता नव्हता. चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हा गोलमध्ये तोच होता आणि 30 जुलैला डब्लिनने अंतिम सामन्यात केरीला 1-15 ते 1-13 असे हरवले. वय 41, ऑल-आयर्लंड पदके नऊ. त्याच दिवशी जेम्स मॅकार्थी आणि मायकल फिट्सिमन्स यांचीही नऊ झाली. त्याआधीचा विक्रम आठचा होता, केरीच्या सुवर्णकाळातल्या पाच खेळाडूंनी रचलेला आणि 2020 मध्ये डब्लिनच्या काही खेळाडूंनी गाठलेला.

तर चाचणीचा निकाल लागला म्हणायचा का? तो आला आणि चषक आला, इतके सोपे मला मान्य नाही. क्लक्स्टन नसलेल्या दोन वर्षांत जॅक मॅकॅफ्री आणि पॉल मॅनियनही नव्हते, आणि 2023 मध्ये तेही परतले. 2011 च्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक पॅट गिल्रॉय त्या वर्षी मदतीला आले होते. आणि 2022 ची हार पन्नास मीटरहून लांबच्या एका फ्रीने झाली, जी तशीच्या तशी पुन्हा मारायला सांगितली तर बहुतेक जण चुकवतील. एका माणसाचे माप इतक्या बदलत्या गोष्टींतून वेगळे काढता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावेसे प्रशिक्षकाला वाटले, आणि ज्या खेळात तिशी ओलांडली की लोक निवृत्तीबद्दल विचारू लागतात त्या खेळात अंतिम सामन्यापर्यंत त्याची जागा कुणी घेऊ शकले नाही.

आता पुन्हा 40 मीटरच्या कमानीकडे. क्लक्स्टनने पायंडा पाडला आणि मग सगळ्यांनी तो गिरवला, पण त्याच्या डोळ्यांशिवाय आणि डब्लिनच्या पायांशिवाय. प्रतिस्पर्ध्यांनी एक सोपी गोष्ट ओळखली: आखूड किक-आऊटवर दाब टाकण्यापेक्षा ती सोडून द्यावी, सगळे मागे जाऊन गोलसमोर भिंत उभी करावी. मग गोलरक्षक बचावपटूला चेंडू देणार, बचावपटू शेजाऱ्याला, शेजारी पुन्हा गोलरक्षकाला, आणि प्रेक्षक घड्याळाकडे पाहणार. 2017 मध्ये उंच झेलाला उत्तेजन म्हणून किक-आऊटचा मार्क आणला होता, म्हणजे लांब किक स्वच्छ झेलली तर फ्री. त्याने फारसे काही हलले नाही. शेवटी 2024 मध्ये गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनात नव्या नियमांना मान्यता मिळाली. कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण, दोन्ही टोकांना किमान तीन-तीन खेळाडू ठेवण्याची सक्ती, गोलरक्षकाला चेंडू मागे देण्यावर बंधने, आणि किक-आऊट कमानीपलीकडे.

मैदानाच्या मध्यावर पुन्हा हात वर जाऊ लागले. खांदे आदळू लागले, सुटलेल्या चेंडूवर झुंबड पडू लागली. जुने रसिक खूश आहेत. पण गोलरक्षकांकडे नीट पाहिले तर दिसते की ते आता काही आंधळेपणाने मध्यावर भिरकावत नाहीत. कमानीच्या जेमतेम पलीकडे, बाजूच्या रेषेलगत, पुढच्या फळीतून मागे धावत येणाऱ्या खेळाडूच्या पुढ्यात चेंडू टाकायचा प्रयत्न करतात. वीस मीटरची किक गेली. पन्नास मीटरची, जिथे अजून कुणी नाही अशा जागेवरची किक राहिली. पॉल फ्लिन जिथे धावत यायचा, साधारण तीच जागा.